रापणीचा दोर आणि आपली तोडणी टोळी



मागील हंगामाच्या तोंडावर बाहेरगावच्या काही टोळ्या उचल घेऊन आल्याच नाहीत, हे आपणांस नव्याने सांगायला नको. ज्यांचा ऊस तुरे येऊन उभा राहिला त्यांनी आमच्या शेतकी खात्याला जे ऐकवले, तेही आम्ही विसरलेलो नाही. त्या नडीतून सभासदांच्याच पोरांची एक टोळी उभी करावी असे ठरले. पंधरा-सोळा जणांनी गट कार्यालयात नावे दिली. आम्ही त्यांना दोन दिवस सभागृहात बसवून व्याख्याने दिली, फळ्यावर उसाचे चित्र काढले, माहितीपत्रके वाटली. चहा-भजीही झाली.

तिसऱ्या दिवशी फडात जे झाले ते लिहिताना आम्हांला संकोच वाटतो. बुडखे चार-चार बोटे वर राहिले. वाढे नीट तोडले नाही, मोळीत पाचट तसेच. तोडणारे पुढे निघून गेले, बांधणारे मागे राहिले आणि ट्रॉली भरायची वेळ आली तेव्हा जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. दोघांची बाचाबाची झाली. तोडलेला ऊस दोन दिवस उन्हात वाळला आणि फडमालकाच्या वजनात घट आली. पोरांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. शिकवणारे आम्ही होतो.

हंगाम कसाबसा ओढत संपवला. उन्हाळ्यात काही सभासदांबरोबर आम्ही कलमांच्या बागा पाहायला आंबा घाट उतरून रत्नागिरीस गेलो. मुक्काम मांडवीला होता. सकाळी काळ्या वाळूच्या त्या किनाऱ्यावर फिरायला गेलो तर रापण ओढणे चालले होते. आंबे राहिले बाजूला, आम्ही तिथेच दोन-अडीच तास उभे राहिलो.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबच लांब जाळे. त्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात जाते, अर्धवर्तुळात जाळे सोडत येते आणि दुसऱ्या टोकाचा दोर थोड्या अंतरावर किनाऱ्याला लावते. मग दोन्ही दोरांवर माणसे लागतात आणि ओढता ओढता एकमेकांकडे सरकत येतात. एक बाजू जोरात आणि दुसरी ढिली पडली की जाळे तिरके होते, मासळी निसटते. जाळ्याची खालची कड तळ सोडून वर उचलली गेली तर खालूनच पळते. म्हणजे एकट्याच्या ताकदीला तिथे काही किंमत नाही.

दोरावर चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याला मुद्दाम दोन जाणत्यांच्या मध्ये उभे केले होते. कोणी त्याला शिकवत नव्हते; पुढच्याचा पाय रोवला की त्याचा रोवायचा, एवढेच. आमच्यातील एका सभासदाने हौसेने दोराला हात घातला आणि भलत्याच वेळी हिसका दिला. शेजारचे तात्या म्हणाले, "पाव्हणे, आधी दोराला बघा, मग ओढा." जाळे वर आल्यावर मासळीचे वाटे पडले, त्यात आमच्या सभासदालाही चार बांगडे मिळाले. त्याच्या हाताला फोड आले होते, पण बांगडे त्याने कोणाला धरू दिले नाहीत!

इंडोनेशियात १९८९ पासून भातावरील किडींसाठी शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या, त्यांचीही रीत अशीच. पंचवीसेक शेतकरी दर आठवड्याला बांधावर जमतात, पीक स्वतः निरखतात आणि काय करायचे ते आपसांत ठरवतात. आपल्याकडे कृषी खातेही शेतीशाळा घेते. आम्हांला हे पदविकेपासून ठाऊक होते, पण ठाऊक असणे निराळे.

या हंगामात आम्ही सभागृहाला कुलूप लावले. गावातच राहिलेले एक जुने जोडपे, ज्यांनी वीस हंगाम कोयता चालवला, त्यांना मजुरी देऊन टोळीत घेतले. पोरे त्यांना मामा-मावशी म्हणतात. मामा प्रत्येक सरीत दोन नवख्यांच्या मध्ये राहतात. मावशी मोळी बांधतात आणि शिकवण्याचे खरे काम त्याच करतात. बुडख्यावर अनवाणी पाय ठेवून त्या सांगतात, "टोचतंय, म्हंजी वर ऱ्हायलं." दर चार दिवसांनी कामे बदलतात. तोडणारा बांधायला, बांधणारा ट्रॉलीवर. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढल्याशिवाय ढिल्या मोळीचा त्रास कळत नाही. संध्याकाळी चिटबॉयसह सगळे बसतात आणि हाताला येईल ती एक मोळी सोडून बघतात. कोणाची होती ते विचारायचे नाही, असा मामांचा दंडक आहे.

याला एवढे महत्त्व का? उसात साखर बुडाकडे जास्त आणि शेंड्याकडे कमी असते. बुडखा वर ठेवला तर गोड कांडे रानात राहते आणि खोडव्याला फुटवेही वरच्या डोळ्यांतून, कमजोर येतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये ठरली; त्यावर उताऱ्याच्या दर ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे जास्त. उतारा धरायचा तो साऱ्या कारखान्याचा. तेव्हा एकाच्या मोळीतले पाचट सर्वांच्या बिलात उतरते.

टोळी अजून बाहेरच्या मुरलेल्या टोळीइतकी झपाट्याने तोडत नाही, हे कबूल केले पाहिजे. दोघे पोरगे पहिल्याच आठवड्यात घरी गेले. मात्र मागल्या साली ज्यांचा ऊस वाळला, त्याच सभासदांनी यंदा आपला फड या टोळीला आपणहून दिला आणि तोड झाल्यावर बुडख्यांवरून स्वतः अनवाणी फिरून आले.

दुसऱ्या टोळीची नावनोंदणी गट कार्यालयात चालू आहे. येणाऱ्याने कोयता स्वतःचा आणावा आणि धार लावून आणावी. वही-पेन आणू नये.