‘उद्यापासून येऊ नको’ म्हणायचा अधिकार कॉलेजला आहे का?

अकोला-अमरावतीत अकरावीला प्रवेश झाला की पोरं ‘कॉलेजला जातो’ म्हणतात. कागदावर अकरावी-बारावी शालेय शिक्षण विभागाकडेच असते. पदवीला गेलात की संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचे आणि यूजीसीचे नियम लागू होतात. शाळेची सवय मात्र सुटत नाही. सर रागावले की विद्यार्थी मुकाट घरी.

मे 2025 मध्ये पुण्यातल्या अभियांत्रिकी कॉलेजने 19 वर्षांच्या विद्यार्थिनीला सोशल मीडियावरच्या पोस्टवरून काढून टाकलं. तिचं म्हणणं न ऐकताच आदेश निघाला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो स्थगित केला आणि तिला परीक्षेला बसू द्या, असं सांगितलं. पोस्ट बरोबर होती की चूक, हा मुद्दा वेगळा. शिक्षेआधी बाजू ऐकावीच लागते.

म्हणून आधी कारण लेखी मागा. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तिने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही, तर तो मिळाल्यापासून 15 दिवसांत लोकपालाकडे अपील करता येतं. मूळ कागदपत्रं अडवून ठेवली, तरी तक्रार इथंच करायची.