नऊ मीटर

मोज्यावरून विषय निघाला. डबा खाताना मैत्रीण म्हणाली, "आमच्याकडे डाव्या पायाचा मोजा महिन्याभरात टाचेला फाटतो. उजवा कोराच्या कोरा." तिचा मुलगा रात्री गाड्यांच्या शर्यती खेळतो, ऑनलाइन, परदेशातल्या मुलांशी. त्यात डाव्या पायाचा काय संबंध, हे काही तिला सांगता येईना. बसल्या जागी खेळायचा खेळ आणि टाचेला भोक! मला राहवेना. शर्यतीची रात्र विचारून घेतली आणि चिंचवडला तिच्या घरी मुक्कामालाच गेले.

मागच्या खोलीत कपाट आणि इस्त्रीचं टेबल यांच्यामध्ये ती वस्तू उभी होती. रिग म्हणतात तिला. चौकोनी लोखंडी पाइपांचा सांगाडा, भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरकडून वेल्ड करून घेतलेला. त्यावर भंगारातून उचललेली व्हॅगन आरची सीट, समोर स्टिअरिंग, खाली दोनच पेडल आणि एक रुंद स्क्रीन. आधी हे सगळं प्लायवूडचं होतं, पण ब्रेक दाबला की फळीच मागे सरकायची. खोलीला वास आयोडेक्सचा. तापलेल्या कॉम्प्युटरचाही होता थोडा, पण मुख्य आयोडेक्सचा.

मुलगा म्हणते, पण तो चोविशीचा आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे, सकाळी सातला कंपनीची बस. "मावशी, नाव नका हं छापू, ऑफिसात उगाच चर्चा होईल," म्हणाला. लीगमध्ये त्याच्या गाडीचा नंबर सत्तेचाळीस, तेव्हा इथेही सत्तेचाळीसच.

ते डाव्या पायाचं असं. आपल्या गाड्यांत डावा पाय क्लचवर. शर्यतीच्या जीटी थ्री गाडीत गिअर स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी पडतात, चालू गाडीत क्लचला पाय लावावा लागत नाही, म्हणून डावा पाय कायमचा ब्रेकवर. या ब्रेकच्या पेडलमध्ये लोड सेल असतो, किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो तोच. पेडल किती खाली गेलं हे तो मोजत नाही, तुम्ही किती जोर लावला ते मोजतो. सत्तेचाळीसनं तो साठ किलोवर लावलाय. मी बसून दाबून पाहिला, स्क्रीनवरची पट्टी जेमतेम निम्म्यावर गेली आणि पाठ सीटमध्ये रुतली.

त्या रात्रीची शर्यत होती बेल्जियमच्या स्पा-फ्रँकोरशाँ ट्रॅकवर. सात किलोमीटर आणि वर चार मीटर इतकी लांब फेरी, आर्देनच्या जंगलातली. गेमचं नाव असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने, इटलीतल्या कुनोस सिम्युलाझिओनी कंपनीनं २०१९ मध्ये आणलेला. खऱ्या ट्रॅकवर लेझर फिरवून रस्त्याचे उंचवटे-खळगे त्यात उतरवलेले आहेत. सर्व्हर जर्मनीत. तिथले रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेअकरा. जर्मन आणि डच मुलं जेवून-खाऊन खेळायला बसतात. हा चाकणहून येऊन, जेवून, दोन तास झोपून, पुन्हा उठून बसतो.

बसण्याआधीची तयारी, म्हणजे टायरमधली हवा, पेट्रोलचा हिशेब, इन्व्हर्टरची तपासणी, मुकाट्यानं झाली. मग त्यानं स्क्रीनच्या कोपऱ्यातला एक आकडा दाखवला. १३०.

"हे पिंग. इथून निघालेली खबर जर्मनीला जाऊन परत यायला एकशेतीस मिलिसेकंद लागतात. तिथल्या पोरांना पंधरा-वीस."

"डोळ्याची पापणी लवायलाही त्याहून जास्त लागत असतील."

"अडीचशेच्या स्पीडला तेवढ्यात गाडी नऊ मीटर जाते, मावशी. दोन गाड्या एकामागे एक उभ्या केल्यावर होतात तेवढं."

दारातून त्याची आई म्हणाली, "त्याचे ते नऊ मीटर मला आता पाठ झालेत."

मी मनातल्या मनात हिशेब केला. ताशी अडीचशे म्हणजे सेकंदाला एकोणसत्तर मीटर. बरोबर, नऊच.

साडेअकराला हेडफोन चढले आणि खोली गप्प झाली. इंजिनाचा सगळा गदारोळ त्याच्या कानात. बाहेर ऐकू येत होती ती गिअरच्या पट्ट्यांची कट्-कट्, स्टिअरिंगच्या मोटरची घरघर आणि दर काही सेकंदांनी लोखंडी सांगाड्याचा एक दबका कण्ह. हा कण्ह म्हणजे ब्रेक. स्पाच्या एका फेरीत सात-आठ ठिकाणी तो येतो. फेरी दोन मिनिटं सतरा सेकंदांची, शर्यत तासाची, म्हणजे साधारण सव्वीस फेऱ्या. दोनशे वेळा तो पाय दाबायचा, झोपेतून उठून.

स्क्रीनवर बघण्यासारखं पुष्कळ होतं, मी मात्र पायाकडेच बघत राहिले. पाय एकदम पडतो, पिंडरीची शीर वर येते, आणि मग खरं काम सुरू होतं, ते पाय उचलण्याचं. गाडी वळू लागली की ब्रेकवरचा भार थोडा-थोडा कमी करायचा. एकदम सोडला तर पुढच्या चाकांची पकड जाते, धरून ठेवला तर गाडी वळायलाच तयार नसते. डग्ग्यावर मनगट सरकवत तबलजी जसा आवाज वाकवतो तसा हा टाच टेकवून चवडा ढिला करत होता. सराव संपल्यावर तो आलेख उघडून बसतो, त्यात ब्रेकची रेघ कड्यासारखी चढते आणि मग लांब उताराने खाली येते. उतारात एक जरी खाच दिसली तरी त्या वळणाचा सराव पुन्हा. "दाबायला कुणीही शिकतं," एवढंच तो यावर बोलला.

शर्यतीआधीच्या क्वालिफाइंगमध्ये तो बत्तीस जणांत सहावा आला होता. तेव्हा मला त्या आकड्याचं कोडं पडलं. नऊ मीटर मागे असणारा माणूस सहावा कसा येतो? नंतर त्यानं समजावलं. त्याची स्वतःची गाडी त्याच्याच कॉम्प्युटरवर धावते, तिच्या वेगाला जर्मनीचं काही देणंघेणं नसतं. एकटा असला की तो कुणाच्याही बरोबरीचा. उशीर असतो तो फक्त दुसऱ्यांच्या गाड्यांना. शेजारची गाडी त्याला दिसते ती थोड्या वेळापूर्वीची. मग गेम अंदाज बांधून ती पुढे सरकवून दाखवतो, आणि सरळ रस्त्यावर हा अंदाज बहुतेकदा खराही ठरतो. फसतो तो कुणी ब्रेक मारला की. म्हणजे शर्यतीत जी जागा मोक्याची, नेमकी तिथेच.

तसंच झालं. ला सूर्सचं पहिलं वळण गर्दीतून निभावलं, ओ रूज उतरून रेदियाँचा चढ चढला आणि केमेलच्या सरळ रस्त्यावर तो एका निळ्या पोर्शच्या मागे लागला. त्या रस्त्याच्या टोकाला ले कोंबचं उजवं वळण. हा उजवीकडून आत शिरला. दोघं शेजारी शेजारी. कण्ह. दोघंही वळले, पोर्श मागे पडली, हा पाचवा. मला वाटलं, छान झालं. त्याच्या मानेवर मात्र घाम आला होता. "लागलं का त्याला?" असं कुणालातरी इंग्रजीत विचारत होता. त्याच्या स्क्रीनवर दोन गाड्यांमध्ये हातभर फट होती. पोर्शवाल्याच्या स्क्रीनवर मागच्या बंपरला धक्का बसून तो गवतात गेला होता.

दोन्ही खरं. हे पचायला मला वेळ लागला. रिप्ले ज्याच्या कॉम्प्युटरवर साठवला जातो, त्यात त्या कॉम्प्युटरला जे दिसलं तेच असतं. चिंचवडच्या रिप्लेत धक्का नाही, पलीकडच्या रिप्लेत आहे.

बाकी शर्यत सरळ गेली. पुढे दोन जागा गेल्या, एक पिटमध्ये आणि एक शेवटच्या फेऱ्यांत, आणि तो सातवा आला. साडेबारा वाजले होते. मोजा काढला तर टाच लालभडक. आयोडेक्सची बाटली रिगच्या पाइपाला रबरबँडनं बांधलेली होती, शोधावी लागत नाही. मग एक वाजेपर्यंत तो फॉर्म भरत बसला. लीगचे स्टुअर्ड असतात, तेही आपापली नोकरी सांभाळून हे करतात. त्यांच्याकडे घटनेची फेरी, मिनिट, आपली बाजू आणि रिप्लेचा तुकडा पाठवायचा. त्याची इंग्रजी वाक्यं मी वाचली. कारखान्यात भाग नापास झाल्यावर लिहितात तशी, विशेषणाविना.

या खेळाबद्दल एक गोष्ट कौतुकानं सांगितली जाते. खरी रेसिंग श्रीमंतांची, कार्टिंगपासून वर चढायचं तर एकेका मोसमाला लाखो रुपये. इथे मात्र स्टिअरिंग आणि इंटरनेट असलं की झालं, जगात कुठेही असा. याला आधार आहे. निस्सान आणि सोनी यांनी २००८ मध्ये जीटी अकॅडमी सुरू केली. ग्रॅन टुरिस्मो गेममधले वेगवान खेळाडू निवडून त्यांना खऱ्या गाडीत बसवायचं. पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ २०११ च्या ल माँ शर्यतीत आपल्या वर्गात दुसरा आला. त्याच वर्षीचा विजेता ब्रिटनचा यान मार्डनबरो, त्याच्यावर २०२३ मध्ये सिनेमाही निघाला. २०१४ मध्ये ही अकॅडमी भारतातही आली होती. पुढे ती बंद पडली. सिनेमा सत्तेचाळीसनं तीनदा पाहिलाय. मी त्याला या शिडीबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, शिडी खरी होती. पण एका वेळी एकच माणूस चढेल एवढी."

"कुठेही असा" हे मला तर निम्मंच खरं वाटतं. पैशाचं म्हणाल तर लोखंड, भंगार आणि जुनं घेतलेलं स्टिअरिंग धरूनही त्याचा खर्च लाखाच्या वर गेलाय, दोन वर्षांचा बोनस त्यात आटला. मिळकत काय, तर एक टी-शर्ट, आणि तो कस्टममधून सोडवून आणायला टी-शर्टाच्या किमतीपेक्षा जास्त पैसे पडले. आणि अंतर? ते गेलेलं नाही. काचेच्या तारेतून जाणाऱ्या प्रकाशालाही चिंचवडहून जर्मनीला जायला वेळ लागतो.

अर्थात ज्यांच्याकडे सगळं आहे त्यांचंही या तारेपुढे चालत नाही. जानेवारी २०२३ मध्ये आभासी ल माँ शर्यतीत मॅक्स व्हर्स्टापेन आघाडीवर होता, तेव्हा तो फॉर्म्युला वनचा दोनदा जगज्जेता. मध्येच सर्व्हरशी जोड तुटली, आघाडी गेली, आणि त्यानं संतापून शर्यतच सोडली. जोड न तुटता फसवण्याची सोय आहे ती वेगळीच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये फॉर्म्युला ई चा ड्रायव्हर डॅनियल आब्ट यानं घरून खेळायच्या शर्यतीत आपल्या नावावर एका सराईत सिम रेसरला बसवलं. पकडला गेला, दहा हजार युरो दंड झाला आणि ऑडी संघानं त्याला निलंबित केलं. पडद्यामागे कोण बसलंय ते दिसत नाही, पण हात ओळखू येतो. आब्टच्या मानानं ती गाडी फारच चांगली चालली होती.

मैत्रिणीची काळजी निराळी. रात्री मी आणि ती स्वयंपाकघरात चहा घेत बसलो होतो. "हे पैसे लावायचं काही नाही ना गं?" नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे दिले, आणि २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्स बाजूला काढले. हे तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग क्रीडा मंत्रालयाला सांग, सकाळी सहाला त्याला उठवून दाखवा."

निकाल दोन दिवसांनी लागला. स्टुअर्डांनी दोन्ही तुकडे पाहिले, दोन्ही खरे मानले आणि त्याला पाच सेकंदांचा दंड दिला. ज्याचं पिंग जास्त त्यानं जागा जास्त सोडावी, असा त्यांचा नियम. सातवा होता तो नववा झाला. मला राग आला, त्याला आला नाही, किंवा आला असेल तर मला दिसला नाही. पोर्शवाल्याला त्यानं सॉरी लिहिलं. "त्याच्या घरी मी त्याला ठोकलंच होतं ना," म्हणाला.

सिंगापूरच्या सर्व्हरवरही लीग चालते. तिथे पिंग निम्म्यावर येतं, वेळही सोयीची. तिकडे का जात नाहीस, विचारलं. तिथे तो दोनदा जिंकलाय. पण ज्यांच्याशी खेळून आपला वेग वाढतो ते बहुतेक सगळे युरोपात, असं त्याचं म्हणणं. मला हे पटलं नाही. आपल्या सोयीची शर्यत जिंकण्यात कमीपणा कसला? त्यावर तो नुसता हसला.

पुढची शर्यत मोंझा ट्रॅकवरची. लांबच लांब सरळ रस्ता आणि त्याच्या शेवटी इतकं आखूड जोडवळण, शिकेन म्हणतात त्याला, की अडीचशेच्या वर पळणारी सगळी टोळी एका दमात तिथे येऊन आपटते. मी पुन्हा गेले तेव्हा तो त्याच वळणाचा सराव करत होता. एकटाच, रिकाम्या ट्रॅकवर. कड्यासारखी रेघ नेहमीपेक्षा आधीच चढत होती.

"ब्रेक लवकर मारतोयस?"

"नऊ मीटर अलीकडे," तो म्हणाला. "उशिरा मारायचा तर सगळ्यांनाच येतो. पहिल्या फेरीत हा लागेल." आणि त्यानं गाडी पुन्हा सरळ रस्त्याच्या सुरुवातीला नेऊन उभी केली.