चाक लोखंडी की अलॉय? आधी धातू ओळखा, मग हातोडा उचला

पंक्चर काढणारे, टायर विकणारे, बॅलन्सिंग-अलाइनमेंटचे मशीन चालविणारे, भंगारातून चांगला माल निवडून विकणारे असे अनेक कारागीर व व्यापारी आमच्या वाचकांत आहेत. मुंबईत कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत रोज कितीतरी चाके हातोहात विकली जातात. फियाट आणि ॲम्बेसेडरच्या काळात या धंद्याला एकाच चाकाची माहिती पुरत असे. चाक लोखंडी, बेंड आला की ठोकून सरळ करायचे, रंग मारायचा आणि गाडीला लावायचे. आज तसे राहिलेले नाही. एकाच दिवशी दुकानात लोखंडी, अलॉय आणि तारांचे अशी तिन्ही चाके येतात. जो इलाज एका चाकाला चालतो तोच दुसऱ्या चाकाला घातक ठरतो. म्हणून चाकांचे प्रकार, त्यांचे फायदे-तोटे आणि दुरुस्तीची मर्यादा येथे एकत्र देत आहोत.

लोखंडी चाक

आपण सवयीने लोखंडी म्हणतो ते चाक खरे तर पोलादी पत्र्याचे असते. पत्र्याची पट्टी गोल वळवून तिची टोके जोडतात व रोलरवर तिला आकार देतात. हे झाले रिम. मधली थाळी म्हणजे डिस्क प्रेसवर वेगळी दाबून काढतात आणि दोन्ही भाग वेल्डिंगने जोडतात. हे चाक स्वस्त पडते. खड्ड्यात आदळले तर सहसा वाकते, एकदम तुटत नाही. वाकलेली कड मशीनवर किंवा जाणत्या हाताने सरळ करता येते. खराब रस्त्यावर आणि माल वाहणाऱ्या गाडीला म्हणूनच ते आजही सोयीचे आहे.

त्याचे तोटेही आहेत. ते वजनाने जड असते आणि गंजते. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत टायर बसतो त्या कडेला गंज धरतो आणि ट्युबलेस टायरमधली हवा हळूहळू उतरते. पंक्चर सापडत नाही, गिऱ्हाईक मात्र दर आठवड्याला हवा भरायला येते. अशा वेळी टायर उतरवून रिमची कड घासून, साफ करून रंगवून द्यावी. बोल्टची भोके लांबट झाली असतील, थाळीला तडा गेला असेल किंवा एकच जागा दोन-तीनदा ठोकलेली असेल, तर ते चाक भंगारात काढावे.

अलॉय चाक

अलॉय म्हणजे मिश्रधातू. गाडीच्या चाकात तो बहुधा ॲल्युमिनियमचा असतो, आणि त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन व थोडे मॅग्नेशियम घातलेले असते. ही कल्पना नवी नाही. फ्रान्सच्या बुगाटी कारखान्याने १९२४ साली आपल्या टाइप ३५ या शर्यतीच्या गाडीला ओतीव ॲल्युमिनियमची चाके बसविली होती. आज पुण्याजवळ शिक्रापूर येथेही अलॉय चाकांचा मोठा कारखाना आहे.

एका घन सेंटिमीटर पोलादाचे वजन सुमारे ७.८ ग्रॅम, तर तेवढ्याच ॲल्युमिनियमचे २.७ ग्रॅम भरते. म्हणून अलॉय चाक हलके, असे सर्वजण सांगतात. पण ॲल्युमिनियम पोलादाइतके मजबूत नसल्याने चाक जाड ओतावे लागते. त्यामुळे वजनातली बचत दिसते तेवढी मोठी नसते, आणि १४ इंचीच्या जागी १६ इंची अलॉय बसविले तर ती बचतही उरत नाही. गिऱ्हाइकाला चाक हलके म्हणून विकताना ते एकदा काट्यावर ठेवून दाखवावे.

चाकाचे वजन खरोखर कमी असेल तर स्प्रिंगखालचा भार हलका होतो, गाडी रस्ता चांगला धरते आणि स्टिअरिंग हलके लागते. ॲल्युमिनियम उष्णता लवकर बाहेर टाकते, त्याचा ब्रेकला फायदा होतो. ओतीव चाक यंत्रावर तासलेले असल्याने गोलाई नेमकी येते. शोभा तर आहेच. उलट बाजूस किंमत जास्त पडते, कड लवकर खरचटते, वरचे लॅकर उडाले की पांढरी बुरशी धरावी तसा धातू खराब होतो, आणि जोरात आदळल्यास वाकण्याऐवजी तडा जाण्याचा धोका राहतो.

फोर्ज्ड, मॅग्नेशियम आणि तारांचे चाक

ॲल्युमिनियम ओतण्याऐवजी प्रचंड दाबाच्या प्रेसखाली घडविले की फोर्ज्ड चाक तयार होते. धातू दाट व चिवट होतो, म्हणून कमी वजनात जास्त ताकद मिळते. अमेरिकेच्या अल्कोआ कंपनीने १९४८ साली ट्रकसाठी असे चाक काढले. किंमत मात्र ओतीव चाकाच्या कितीतरी पट असते. मॅग्नेशियमचे चाक त्याहूनही हलके, पण ते लवकर गंजते, म्हणून ते शर्यतीच्या गाड्यांतच शोभते. बाजारात सरसकट ‘मॅग व्हील’ म्हणून जो माल विकला जातो, तो बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचाच असतो.

तारांचे चाक धक्का चांगला सोसते आणि एखादी तार तुटली तर तेवढीच बदलता येते. मात्र तारा ढिल्या होतात, चाक डुगडुगते आणि ते पुन्हा सरळ करायला सरावाचा हात लागतो. निपलच्या भोकांतून हवा जाते, म्हणून साध्या तारांच्या चाकाला ट्यूब घालावीच लागते. मोटारसायकलवाले अलॉयकडे वळले त्यामागे ट्युबलेस टायर हे एक मोठे कारण आहे.

जोडाचे रिम : येथे जीव जातो

जुन्या बजाज स्कूटरचे रिम दोन भागांचे, बोल्टने जोडलेले असे. हवा पूर्ण काढल्याशिवाय ते बोल्ट खोलू नयेत. ट्रकच्या जुन्या पद्धतीच्या रिमला बाहेरून लॉक रिंग असते. ही रिंग नीट बसली नसेल तर हवा भरताना ती तोफगोळ्यासारखी उडते. व्हॉल्व्हची पिन काढून टायर पूर्ण रिकामा झाल्याखेरीज रिंगला टॉमी लावू नये. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे, लांब नळी वापरावी आणि रिंगसमोर उभे राहू नये. शिकाऊ पोराला तर हे काम एकट्याने करू देऊच नये. नव्या ट्रकना ट्युबलेस टायरचे एकसंध रिम येते, त्यात हा रिंगचा धोका उरत नाही.

वेल्डिंगवाल्यांनी आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. टायर चढविलेल्या रिमला कधीही गॅस किंवा वेल्डिंग लावू नये, टायरमधली हवा काढलेली असली तरीही नाही. उष्णतेने आतल्या रबराचा वायू होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो.

अलॉय का तापवू नये?

ओतलेले अलॉय चाक कारखान्यात सुमारे ५४० अंश सेल्सियसला तापवून पाण्यात विझवितात आणि नंतर कमी आचेवर ठराविक तास ठेवतात. चाकाची ताकद या पाण्यातून येते. हे पाणी म्हणजे हत्याराला देतात तसेच पाणी. गॅसची ज्योत लावून चाक नरम केले व ठोकले, तर कड सरळ दिसते, रंगही छान बसतो, पण तेवढ्या जागेतले पाणी उतरलेले असते. आरीला पडलेला तडा वेल्डिंगने भरला तरी शेजारचा धातू कमजोर होतो. असे चाक गल्लीत चालते. पुढे भरल्या गाडीत, द्रुतगती मार्गावर, उन्हाने तापलेल्या रस्त्यावर ते दगा देते.

म्हणून आमचे सांगणे असे की खरचटलेले अलॉय घासून रंगवावे. कडेचा किरकोळ बेंड योग्य मशीनवर, ज्योत न लावता निघत असेल तरच काढावा. तडा असेल तर काम परत करावे. धातू ओळखायला खिशात लोहचुंबक ठेवावे. पोलादाला तो चिकटतो, ॲल्युमिनियमला नाही. तडा शोधायला चाकात हवा भरून साबणाचे पाणी लावावे, आणि आतली बाजू आधी पाहावी, कारण ती गिऱ्हाइकाला दिसत नाही.

विकताना काय पाहावे?

भोके चार आहेत म्हणून चाक बसेलच असे नाही. लहान गाड्यांत ४ × १०० आणि ४ × ११४.३ ही दोन्ही मापे आढळतात. बोल्टच्या वर्तुळाबरोबर ऑफसेट आणि मधल्या भोकाचे मापही जुळले पाहिजे. नटाची बैठक तिरपी, गोल की सपाट हे पाहून त्याच चाकाचे नट द्यावेत. अलॉयला क्लिपचे वजन ठोकू नये, चिकटविण्याचे वापरावे. चाक बसविल्यावर शंभर-एक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्यायला गिऱ्हाइकाला बोलवावे.

नवीन मालावर आय.एस.आय. चिन्ह पाहून खरेदी करावी. तसेच मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील मूळ कारखान्याच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. फार मोठी चाके विकताना ही गोष्ट आधी सांगावी.

हातोड्याचे काम कमी होत आहे हे खरे. पण चाक तपासणे, कड साफ करून गळती थांबविणे, लॅकर चढविणे, मापाप्रमाणे जोड बसविणे ही कामे वाढत आहेत आणि त्यांना चांगली मजुरीही मिळते. चार पैशांसाठी तडा बुजवून दिलेल्या चाकावर एक अख्खे कुटुंब प्रवासाला निघते, हे दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. काम परत केले तर बिलावर तसे कारण लिहून द्यावे. गिऱ्हाईक आज नाराज होऊन दुसऱ्याकडे गेले, तरी पुढच्या वेळी चाक दाखवायला ते कोणाकडे येईल, याचा विचार आमच्या बांधवांनी करावा.