डायल आणि डिजिटल कॅलिपर

डायल कॅलिपर आणि डिजिटल कॅलिपर ही वस्तूची बाहेरील व आतील मापे, खोली आणि पायरीची उंची मोजण्याची हस्तोपकरणे आहेत. दोहोंची मूळ रचना व्हर्नियर कॅलिपरसारखीच असते. एका टोकाला स्थिर जबडा असलेली पोलादी पट्टी, तिच्यावर सरकणारा दुसरा जबडा, वरच्या बाजूस छिद्राचा व्यास मोजणारे लहान जबडे आणि मागील टोकातून बाहेर येणारी खोली मोजण्याची दांडी हे तिचे भाग होत. फरक असतो तो माप दाखविण्याच्या पद्धतीत: एकात तबकडीवरील काटा, तर दुसऱ्यात पडद्यावरील आकडे. महाराष्ट्रातील कारखान्यांत व हत्यारांच्या दुकानांत यांना ‘डायल व्हर्नियर’ आणि ‘डिजिटल व्हर्नियर’ म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः दोहोंपैकी एकावरही व्हर्नियर मापपट्टी नसते.

घरगुती कार्यशाळेत साधारणतः १५० मिमी मापनकक्षेचा एकच कॅलिपर असतो आणि लेथवरील कामापासून लाकूडकामापर्यंत सर्वत्र तोच वापरला जातो. त्यामुळे कोणता प्रकार निवडावा हा प्रश्न तेथे कारखान्यापेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो. कारखान्यात चुकलेले माप पुढील तपासणीत सापडू शकते. घरी तशी दुसरी तपासणी सहसा नसते.

पार्श्वभूमी

फ्रेंच गणितज्ञ पिएर व्हर्निए याने १६३१ मध्ये मुख्य मापपट्टीला लागून सरकणाऱ्या साहाय्यक पट्टीचे तत्त्व प्रसिद्ध केले. व्हर्नियर कॅलिपर त्याच तत्त्वावर चालतो व आजही औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत फिटर आणि टर्नर या व्यवसायांच्या विद्यार्थ्यांना प्रथम त्याचेच वाचन शिकविले जाते. त्यात बिघडण्याजोगे फारसे काही नाही. मात्र दोन पट्ट्यांवरील कोणत्या रेषा जुळतात हे ओळखण्यास चांगली दृष्टी व पुरेसा प्रकाश लागतो. हीच अडचण दूर करण्यासाठी आधी तबकडी आणि नंतर पडदा आला.

डायल कॅलिपरची रचना

डायल कॅलिपरच्या पट्टीत बारीक दात्यांची दंतपट्टी बसविलेली असते. सरकत्या भागातील छोटे दंतचक्र तिच्यावरून फिरते आणि ती गती चक्रांच्या साखळीतून वाढवून काट्यापर्यंत पोहोचते. काट्याच्या एका पूर्ण फेऱ्यात जबडा १ मिमी सरकत असल्यास लघुत्तम माप बहुधा ०.०१ मिमी, तर २ मिमी सरकत असल्यास ०.०२ मिमी असते. इंची प्रकारात एक फेरा ०.१ इंचाचा असतो. पूर्ण मिलिमीटर पट्टीवर वाचून त्यात तबकडीवरील माप मिळवावे लागते.

या रचनेचा शत्रू म्हणजे किस. लेथवरील धातूचा एखादा बारीक कण दंतपट्टीत अडकला की दंतचक्र त्यावरून उडी मारते आणि काटा एका दात्याने पुढे-मागे होतो. जोराचा धक्का बसल्यानेही असे घडू शकते. परंतु हा दोष लपत नाही. जबडे पूर्ण मिटले तरी काटा मूळ जागेवर येत नाही, किंवा सरकविताना हाताला अडखळ जाणवते. दंतपट्टी साफ करून दंतचक्र पुन्हा योग्य दात्यात बसविता येते. हे नाजूक काम असले तरी घरी करता येण्याजोगे आहे.

डिजिटल कॅलिपरची रचना

बहुतेक डिजिटल कॅलिपर विद्युत धारितेवर चालतात. पट्टीवरील छापील आवरणाखाली तांब्याच्या समान अंतरावरील पट्ट्यांची मालिका असते. सरकत्या भागातील विद्युतअग्रे तिच्यावरून जाताना धारितेत होणारा बदल मोजून अंतर्गत मंडल स्थान ठरविते. एका कळीने मिमी व इंच यांत बदल करणे आणि कोणत्याही स्थानी शून्य लावणे शक्य होते.

शून्य लावण्याची सोय वाटते त्यापेक्षा पुष्कळ उपयुक्त आहे. उदाहरणार्थ, समान व्यासाच्या दोन छिद्रांचे केंद्रांतर काढण्यासाठी आतील जबड्यांनी प्रथम एका छिद्राचा व्यास घेऊन तेथे शून्य लावतात. नंतर त्याच जबड्यांनी दोन्ही छिद्रांच्या दूरच्या कडांमधील अंतर घेतले की पडद्यावर थेट केंद्रांतर दिसते. वजाबाकी करावी लागत नाही.

याची दुर्बलता मात्र सहज दिसत नाही. शीतक द्रव किंवा पाणी आवरणावर पसरल्यास धारिता बदलते व आकडे भरकटू शकतात. आयपी६७ दर्जाच्या काही महाग प्रकारांत धारितेऐवजी विद्युतचुंबकीय प्रवर्तन वापरले जाते आणि त्यांच्यावर द्रवाचा परिणाम होत नाही. अनेक स्वस्त उपकरणांत कळ दाबून बंद केल्यावर केवळ पडदा मालवतो. स्थान मोजणारे मंडल चालूच राहून विद्युतघट रिकामा करते. महिन्यातून दोनदा हाती घेतला जाणारा कॅलिपर नेमक्या गरजेच्या वेळी बंद सापडतो, तो यामुळे. अल्कली प्रकारच्या एलआर४४ घटाचा दाब हळूहळू घसरतो, तर त्याच आकाराच्या सिल्व्हर ऑक्साइडच्या एसआर४४ घटाचा दाब जवळजवळ अखेरपर्यंत १.५५ व्होल्टच्या आसपास टिकतो. म्हणून दुसरा घट अधिक योग्य समजला जातो. पडद्याची उघडझाप हे बहुधा घट संपत आल्याचे लक्षण असते.

लघुत्तम माप आणि अचूकता

पडद्यावर ०.०१ मिमी दिसते म्हणजे माप तितके अचूक असते, हा या विषयातील सर्वांत महाग पडणारा गैरसमज होय. चांगल्या प्रतीच्या १५० मिमी कॅलिपरची कमाल त्रुटी, प्रकार कोणताही असो, साधारणतः ±०.०२ ते ±०.०३ मिमी धरली जाते. मापपट्टी मोजल्या जाणाऱ्या वस्तूच्या रेषेत नसल्याने जबडा किंचित कलला तरी त्रुटी वाढते. एर्न्स्ट आबे याने सांगितलेल्या मापनतत्त्वाचा हा भंग कॅलिपरच्या रचनेतच आहे. हाताचा दाबही कमी-अधिक पडतो. लहान छिद्रांत आतील जबड्यांच्या कडा सपाट असल्यामुळे व्यास खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

तापमानाचा परिणामही याच मर्यादेत येतो. प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. विदर्भातील उन्हाळ्यात ४० अंशांवर १०० मिमी लांबीचा ॲल्युमिनियमचा तुकडा पोलादी कॅलिपरने मोजल्यास तो सुमारे ०.०२ मिमी जास्त भरतो, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. पोलादी तुकडा व पोलादी कॅलिपर एकाच तापमानाला असल्यास ही त्रुटी उरत नाही.

बेअरिंग दाबून बसविण्यासाठी दंड उतरविताना ०.०१ मिमीचा फरक बैठक सैल किंवा घट्ट करतो. असे माप दोहोंपैकी कोणत्याही कॅलिपरवर न सोपविता मायक्रोमीटरने घ्यावे लागते.

निवड

लेथवर दंड हळूहळू मापाला आणताना तबकडीवरील काटा किती अंतर उरले हे नजरेच्या एका फेकीत दाखवितो. आकडे वाचून वजाबाकी करण्यापेक्षा ते जलद असते. विद्युतघट नसल्याने वर्षभर पेटीत राहिलेला डायल कॅलिपरही लगेच वापरता येतो. उलट, घासकामाची धूळ उडत असेल तर उघडी दंतपट्टी लवकर खराब होते. मिमी व इंच दोन्ही लागत असतील, दृष्टी अधू असेल, किंवा १.७५ मिमीचा मुद्रणतंतू मोजण्यासारखी कोरड्या जागेतील कामे अधिक असतील, तर डिजिटल प्रकार सोयीचा ठरतो. दोन्हीत अतिस्वस्त उपकरण टाळणे इष्ट असले, तरी अतिस्वस्त डायल कॅलिपर हा बहुधा अधिक वाईट सौदा असतो: दंतचक्रांतील ढिलाईमुळे काटा एकाच वस्तूची निरनिराळी मापे दाखवू शकतो. अगदी कमी खर्चात साधा व्हर्नियर कॅलिपर या दोहोंपेक्षा भरवशाचा असतो.

तपासणी

प्रत्येक वापरापूर्वी जबडे पुसून मिटवितात आणि शून्य पाहतात. मिटलेले जबडे प्रकाशासमोर धरल्यास त्यांच्यामध्ये फट दिसता कामा नये. केवळ शून्य जुळणे पुरेसे नसते, कारण दंतपट्टीतील किंवा मापपट्टीतील दोष पुढे कोठेही असू शकतो. त्यासाठी गेज ब्लॉक वापरतात. ते नसल्यास नवे बेअरिंग चालते: ६०८ क्रमांकाच्या बेअरिंगचा बाह्य व्यास २२ मिमी व आतील व्यास ८ मिमी असतो आणि नामांकित उत्पादकाच्या मालात तो सुमारे ०.०१ मिमीच्या आत असतो. एकच माप चार-पाच वेळा घेऊन ते सारखे येते का हेही पाहतात.