मुलांमधल्या वस्तुमोहाची मुळे

'मुले हट्टी झाली, ती जाहिरातींमुळे,' असे आपण सगळेच म्हणतो. बालमानसशास्त्रावरचे लेखन मी गेली अनेक वर्षे जमेल तसे वाचत आले आहे. त्यावरून वाटते, की हे निदान खरे असले तरी अपुरे आहे.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. भोवऱ्यासाठी रडणाऱ्या मुलाला भोवरा हवा असतो. बुटांच्या कंपनीवरून वर्गात आपली किंमत ठरते असे वाटणाऱ्या मुलाला मात्र किंमत हवी असते. या दुसऱ्या अवस्थेला मी वस्तुमोह म्हणते.

जाहिरातींचा वाटा मोठा आहेच. मार्व्हिन गोल्डबर्ग आणि जेरल्ड गॉर्न यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चार-पाच वर्षांच्या काही मुलांना एका खेळण्याची जाहिरात दाखवली. मग विचारले, खेळणे असलेल्या पण फारशा चांगल्या नसलेल्या मुलाशी खेळाल, की खेळणे नसलेल्या चांगल्या मुलाशी? जाहिरात न पाहिलेल्या मुलांपेक्षा ती पाहिलेल्यांमध्ये खेळणेवाला निवडणारे अधिक निघाले. मित्र कसा असावा, हेही जाहिरातीने ठरवले.

पण त्याच जाहिराती पाहणारी सगळी मुले सारखी का होत नाहीत? लॅन चॅप्लिन आणि डेबोरा जॉन यांच्या २००७ च्या अमेरिकी अभ्यासात याचा धागा सापडतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलांपेक्षा बारा-तेराव्या वर्षी वस्तुमोह वाढलेला दिसला आणि सोळा ते अठरा या वयात तो ओसरला. आत्मसन्मानाचा आलेख याच्या नेमका उलट होता. सोबत्यांनी आपल्याविषयी लिहिलेले चार चांगले शब्द वाचल्यावर किशोरांचा वस्तुमोह कमी झाला.

तिसरे मूळ घरात आहे. मार्शा रिचिन्स आणि चॅप्लिन यांनी २०१५ मध्ये प्रौढांच्या बालपणीच्या आठवणी तपासल्या. बक्षीस म्हणून वस्तू मिळालेली आणि शिक्षा म्हणून ती काढून घेतली गेलेली मुले मोठेपणी वस्तूंवरून स्वतःला जोखण्याकडे अधिक झुकलेली दिसली. आठवणींवरचा अभ्यास कार्यकारणाचा पक्का पुरावा देत नाही, हे खरे. तरी एक गोष्ट अस्वस्थ करते. अशी बक्षिसे प्रेमळ आईबापही देत होते. 'नव्वद टक्के मिळव, मोबाइल घेऊन देतो,' हे आपल्याकडेही मायेनेच म्हटले जाते. मुलाला मात्र त्यातून यशाचे माप कळते.

दिवाळीत मुले दगडमातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, मावळे मांडतात. शेजारी येऊन बुरूज कसा रचला, पाणी कुठून आणले, हे विचारतात, तेव्हा कौतुक मुलाच्या हातांचे होते. बाजारातून तयार किल्ला आणला, की उरतो तो एकच प्रश्न: केवढ्याला पडला? यंदा मुलांना आपण यातला कोणता प्रश्न विचारतो, याकडे लक्ष ठेवावे, एवढेच माझे सांगणे आहे.