चित्रकलेतील हॅनिबल

कार्थेजचा सेनानी हॅनिबल याने इ. स. पू. २१८ मध्ये आल्प्स ओलांडून इटलीवर स्वारी केली. इ. स. पू. १४६ मध्ये रोमने कार्थेज उद्ध्वस्त केले. त्याचे चरित्र उत्तरकालीन चित्रकारांना ग्रीक व रोमन इतिहासकारांच्या ग्रंथांतूनच लाभले. फ्रेंच चित्रकार दाव्हिद याच्या १८०१ च्या चित्रात आल्प्स ओलांडणाऱ्या नेपोलियनच्या पायथ्याशी खडकावर हॅनिबलचे नाव कोरलेले आहे. तेथे ते नव्या विजेत्याच्या कीर्तीस आधार देते. इंग्रज चित्रकार टर्नर याने १८१२ मध्ये प्रदर्शित केलेल्या चित्रात मात्र हिमवादळाने आकाश व्यापले असून हॅनिबल जवळजवळ दिसेनासा झाला आहे. एकाच प्रसंगात एकाने विजयश्री पाहिली, तर दुसऱ्याने मानवी सामर्थ्याची मर्यादा. अशी चित्रे हॅनिबलपेक्षा चित्रकारांच्या काळाचीच साधने होत.