बर्मिंगहॅमची जुनी उधारी

महापालिकेचे अंदाजपत्रक हा रविवारी सकाळी चहाबरोबर वाचण्याचा विषय नव्हे, हे मला मान्य आहे. जाडजूड बाड, बारीक अक्षरे आणि ‘महसुली’, ‘भांडवली’ असले जडशीळ शब्द. तरीही मला ते वाचायला आवडते, कारण घरखर्चाची वही आणि पालिकेचे अंदाजपत्रक यांत मूळचा फरक फार नाही. घरात काय महत्त्वाचे मानतात ते वहीवरून कळते. आणि हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली काट कशावर बसते, पोरांच्या दुधावर की पाहुणचारावर, यावरून त्या घराचा स्वभाव कळतो. गेली काही वर्षे मी अशी एक परक्या घराची वही दुरून वाचतो आहे.

हे घर म्हणजे इंग्लंडमधले बर्मिंगहॅम शहर. आपल्याला ते एजबॅस्टनच्या मैदानामुळे ठाऊक असते. २०२२ च्या उन्हाळ्यात तिथे राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाल्या. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने तिथे भारोत्तोलनात रौप्यपदक मिळवले, तर बीडच्या अविनाश साबळेने तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये केनियाच्या धावपटूंच्या नाकी नऊ आणत रौप्य पटकावले. उद्घाटनाला एक प्रचंड यांत्रिक बैल मैदानात आला होता. शहर नटले होते, रोषणाई होती, जगभरचे पाहुणे होते.

त्यानंतर तेरा महिन्यांनी, ५ सप्टेंबर २०२३ रोजी, याच शहराच्या महापालिकेने आपल्याजवळ पैसे उरले नसल्याचे जाहीर केले. पालिकेचे नेते त्या दिवशी वाढदिवसाच्या सुट्टीवर न्यूयॉर्कला होते, असे तिथल्या वर्तमानपत्रांनी मोठ्या चवीने छापले.

ब्रिटनमध्ये महापालिकेला एखाद्या कंपनीसारखे दिवाळे काढता येत नाही. १९८८ च्या स्थानिक वित्त कायद्यात कलम ११४ आहे. खर्च उत्पन्नाच्या बाहेर जातो आहे असे दिसले, की मुख्य वित्त अधिकाऱ्याने या कलमाखाली नोटीस काढायची. हा अधिकार नगरसेवकांचा नाही, महापौरांचा नाही, हिशेब ठेवणाऱ्याचा आहे. नोटीस निघाली की कायद्याने बंधनकारक असलेल्या सेवा सोडून नवा खर्च बंद. बर्मिंगहॅमच्या आधी नॉर्दम्प्टनशायर, क्रॉयडन, स्लाव, थरॉक, वोकिंग यांच्यावर ही पाळी आली होती. नंतर नॉटिंगहॅमवर आली. पण अकरा लाखांहून अधिक वस्तीचे, ब्रिटनमधले दुसऱ्या क्रमांकाचे शहर असे हात वर करील, हे कुणाला वाटले नव्हते.

त्यातही हे शहर साधेसुधे नाही. नगरपालिका म्हणजे नुसते गटारे उपसणारे खाते नव्हे, ही कल्पना ज्या थोड्या शहरांत रुजली त्यांत बर्मिंगहॅमचे नाव वरचे. स्क्रूच्या कारखान्यात पैसा मिळवलेले जोसेफ चेंबरलेन १८७३ मध्ये तिथले महापौर झाले. त्यांनी दोन खासगी गॅस कंपन्या सुमारे २० लाख पौंडांना पालिकेसाठी विकत घेतल्या. एवढे कर्ज फेडणार कसे, म्हणून लोक धास्तावले. पहिल्याच वर्षी ३४ हजार पौंड नफा झाला. मग पाणीपुरवठाही पालिकेने घेतला. गॅसवर नफा मिळवावा, पाण्यावर मिळवू नये, कारण पाणी हा आरोग्याचा प्रश्न आहे, असे चेंबरलेन यांचे म्हणणे होते. १८९० मध्ये एका अमेरिकी मासिकाने बर्मिंगहॅमला जगातले सर्वांत उत्तम कारभाराचे शहर ठरवले. तीन वर्षे महापौर राहिलेल्या माणसाने एवढे केले, हे वाचताना आपल्याकडचे काही महापौर डोळ्यांपुढे येतात, ते असो.

मग अशा शहराचे घर बसले कसे? कारणे बरीच सांगितली गेली, आणि सगळी थोडीथोडी खरी आहेत. २०१० नंतर लंडनच्या सरकारने नगरपालिकांच्या अनुदानाला कात्री लावली. आपले शंभर कोटी पौंडांहून अधिक गेले, असे बर्मिंगहॅम पालिका सांगते. क्रीडास्पर्धांचा खर्च झाला. हिशेबासाठी ओरॅकल कंपनीची नवी संगणकप्रणाली घ्यायचे ठरले होते. तिचा मूळ अंदाज १ कोटी ९० लाख पौंड होता, २०२३ मध्ये तो दहा कोटींच्या घरात गेला. २०२२ च्या एप्रिलमध्ये ती सुरू झाल्यावर पालिकेला स्वतःचा जमाखर्चच नीट दिसेनासा झाला. दिवाळे निघण्याच्या ऐन वेळी वहीच वाचता येऊ नये, असा प्रकार.

पण नोटिशीत सर्वांत मोठा आकडा होता तो वेगळाच. तो होता ६५ ते ७६ कोटी पौंडांचा, आणि त्याचे नाव होते ‘समान वेतनाचे देणे’. ब्रिटनमध्ये अनेकांनी हे वाचून कपाळाला हात लावला: बायकांच्या पगारापायी शहर बुडाले! मला या प्रकरणात थांबावेसे वाटते ते इथे.

गोष्ट अशी आहे. महापालिकेत कामगारांच्या श्रेणी ठरलेल्या असतात. शाळांत मुलांचे जेवण रांधणाऱ्या, कचेऱ्या झाडणाऱ्या-पुसणाऱ्या, घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचे न्हाऊमाखू करणाऱ्या बहुतेक सगळ्या बायका. कचरा उचलणारे, रस्ते दुरुस्त करणारे, दफनभूमीत खड्डे खणणारे बहुतेक सगळे पुरुष. पालिकेच्याच कागदावर या कामांची श्रेणी एक, मूळ पगार एक. फरक होता बोनसचा. पुरुषांच्या कामांना नाना नावांनी बोनस मिळे, बायकांच्या कामांना मिळत नसे. काहींचा बोनस मूळ पगाराच्या १६० टक्क्यांपर्यंत जाई. २०१० मध्ये हजारो स्त्रियांनी रोजगार न्यायाधिकरणात हा खटला जिंकला. तेव्हा बाहेर आलेले एक उदाहरण असे: कचरा उचलणाऱ्या एका कामगाराने एका वर्षात ५१ हजार पौंड घरी नेले होते, त्याच श्रेणीतल्या स्त्रियांच्या हाती १२ हजारही पडत नव्हते.

कायदा नवा नव्हता. समान वेतनाचा कायदा १९७० चा. पालिकांना, कारखान्यांना सवड मिळावी म्हणून तो १९७५ च्या डिसेंबरअखेर अमलात आला. म्हणजे तयारीला पाच वर्षे दिली, आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे हिशेबनिसांच्या नजरेखालून गेली. या काळात दर महिन्याला त्या बायकांच्या पगारातून जे राहून गेले, त्याच्यावर शहर चालत होते. पालिकेने ते पैसे बँकेतून काढले असते तर त्याला कर्ज म्हटले असते, व्याज लागले असते, वहीत नोंद झाली असती. स्वयंपाकिणींकडून काढले म्हणून नोंद झाली नाही, इतकेच.

नोकरी सोडलेल्या कामगाराला न्यायाधिकरणात दावा करायला सहा महिन्यांची मुदत असे. मुदत टळलेल्या १७४ माजी कर्मचाऱ्यांनी, त्यांत १७० स्त्रिया होत्या, दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरला, कारण तिथे सहा वर्षांची मुदत मिळते. पालिका भांडत भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये हरली. तिथून दावे धबधब्यासारखे कोसळले. २०२३ पर्यंत पालिकेने ११० कोटी पौंड चुकते केले होते. त्यासाठी २०१५ मध्ये राष्ट्रीय प्रदर्शन केंद्र चालवणारी आपली कंपनी ३० कोटी ७० लाखांना विकली. घरात लग्न काढायला शेत विकतात, तसे हे जुने देणे फेडायला दुभते जनावर विकणे झाले.

एवढे झाल्यावर तरी श्रेणी-बोनसची भानगड संपायला हवी होती. ती संपली नाही. कचऱ्याच्या खात्यात ‘काम संपले की सुट्टी’ अशी रीत चालू राहिली. गाडीची फेरी लवकर आटोपली तर लवकर घरी जायचे, पगार पूर्ण दिवसाचा. स्वयंपाकिणीला ही मुभा नाही. म्हातारीला आंघोळ घालणारीला तर मुळीच नाही, तिला एका घरातून दुसऱ्या घरी पळायचे असते. २०१७ मध्ये कचरा कामगारांचा संप झाला, त्यात पालिकेच्या नेत्याला पायउतार व्हावे लागले आणि तडजोडीत पुरुषांच्या जागा राखल्या गेल्या. नव्या दाव्यांना नवी कारणे मिळाली. ७६ कोटींचा आकडा असा तयार झाला.

आता काटछाट. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने आपले आयुक्त नेमले. मार्च २०२४ मध्ये महापालिकेच्या सभेने दोन वर्षांत ३० कोटी पौंडांची कपात मंजूर केली. पालिकेच्या नेत्याने सभागृहात नागरिकांची माफी मागितली. घरपट्टीसारखा जो कर तिथे असतो, तो एरवी लोकांचा कौल घेतल्याशिवाय पाच टक्क्यांच्या वर नेता येत नाही. बर्मिंगहॅमला खास परवानगी मिळाली आणि तो ९.९९ टक्क्यांनी वाढला. दुसऱ्या वर्षी आणखी साडेसात टक्के. सरकारने १२५ कोटींची सोय केली, पण पैसे दिले नाहीत. मालमत्ता विकून रोजचा खर्च भागवायची मुभा दिली. आपल्याकडे शहाणी माणसे जे करू नको म्हणून सांगतात, ते तिथे सरकारने लेखी परवानगी देऊन करायला लावले.

कपातीची यादी वाचताना मला वाईट वाटले ते बारीकसारीक बाबींचे. रस्त्यांवरचे दिवे मंद करायचे. कचरा आठवड्याऐवजी पंधरवड्याने उचलायचा. दफनाचे शुल्क वाढवायचे. वाद्यवृंद, नाट्यगृह, नृत्यसंस्था यांचे अनुदान पहिल्या वर्षी निम्मे आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण बंद. तरुणांसाठीची केंद्रे, लहान मुलांच्या कुटुंबांना मदत करणाऱ्या योजना, अपंग मुलांना शाळेत नेण्याची वाहनव्यवस्था, सगळ्यांना कात्री. वस्त्यांमधल्या ३५ वाचनालयांपैकी २५ पर्यंत बंद करावी लागतील, अशी बोलणी सुरू झाली. वाचकांच्या विरोधामुळे योजना बदलली, पण वाचनालये उघडी ठेवण्याचे दिवस कापले गेले.

वाचनालयांचे दुखणे त्या शहराला नवे नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये जवळजवळ १९ कोटी पौंड खर्चून बांधलेले भव्य ग्रंथालय उघडले. उद्घाटनाला मलाला युसुफझाई होती. गोळी लागल्यावर तिच्यावर याच शहरात उपचार झाले होते. दीड वर्षाच्या आतच त्या ग्रंथालयाची वेळ आठवड्याला ७३ तासांवरून ४० तासांवर आली. इमारत बांधायला पैसे होते, दार उघडून बसायला माणूस ठेवायला नव्हते. हे वाक्य कुठल्याही शहराबद्दल लिहिता येईल.

आणि या कपातीचा भार कुणावर? मुलांना संध्याकाळी वाचनालयात बसवून कामाला जाणारी, आईवडिलांच्या देखभालीसाठी पालिकेच्या मदतनिसावर अवलंबून असणारी, अंधाऱ्या पहाटे कचेरी झाडायला चालत निघणारी जी बाई आहे, तिच्यावर. म्हणजे जिचे देणे होते, तिच्याच घरातून ते फेडायचे. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनांशी तडजोड झाली तेव्हा हे देणे आधी धरलेल्या ७६ कोटींपेक्षा पुष्कळ कमी असल्याचे स्पष्ट झाले. तोवर विकायच्या त्यातल्या बऱ्याच मालमत्ता विकून झाल्या होत्या.

हे सगळे वाचताना मन आपोआप आपल्याकडे येते. आपल्या अंगणवाडीतल्या सेविकेला, शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या बाईला, घरोघरी फिरणाऱ्या आशा कार्यकर्तीला पगार मिळत नाही, ‘मानधन’ मिळते. शब्द मोठा आदराचा आहे. पण पगार म्हटला की श्रेणी येते, श्रेणी आली की तुलना येते, निवृत्तिवेतन येते. मानधन म्हटले की काही येत नाही. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले ते २०२२ मध्ये. योजना सुरू झाल्याला तेव्हा ४७ वर्षे होत आली होती. ते न दिलेले पैसेही कुठल्या वहीत लिहिलेले नाहीत.

बर्मिंगहॅममध्ये २०२५ च्या जानेवारीत कचरा कामगार पुन्हा संपावर गेले, मार्चमध्ये संप बेमुदत झाला. पालिकेने कचरागाडीवरची एक वरची जागा रद्द केली होती. ती ठेवली तर समान वेतनाचे नवे दावे उभे राहतील, हे तिने दिलेल्या कारणांपैकी एक. आपले वर्षाला हजारो पौंडांचे नुकसान होईल, असे कामगारांचे म्हणणे. दोघांचेही म्हणणे समजण्यासारखे आहे. वेतन समान करायला खालच्याला वर घेता येते, तसेच वरच्याला खाली आणता येते. पैसे नसलेल्या पालिकेने दुसरा मार्ग धरला. रस्त्यांवर १७ हजार टन कचरा साठला, मांजराएवढे उंदीर फिरत असल्याच्या गोष्टी निघाल्या आणि एप्रिलमध्ये नियोजनासाठी लष्करातले अधिकारी बोलवावे लागले.

ग्लासगो शहरात हाच तंटा झाला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्या आठ हजारांवर स्त्रिया, घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या, स्वयंपाकिणी आणि सफाईवाल्या, समान वेतनासाठी दोन दिवस संपावर गेल्या. शाळा बंद राहिल्या. कचऱ्याच्या आगारांच्या फाटकांवर या बायका पहाटेच्या अंधारात उभ्या होत्या, आणि ज्यांचा पगार त्यांच्याहून जास्त होता ते कचरागाड्यांवरचे अनेक पुरुष त्यांना ओलांडून आत जायला तयार झाले नाहीत. गाड्या आगारातच राहिल्या. पुढल्या वर्षी पालिकेने तडजोड केली.